वर्गात शेजारी कोण बसते?

सरकारी शाळांविषयीची आपली चर्चा बहुतेक वेळा दोन-तीन ठरावीक प्रश्नांपाशी येऊन थांबते. पाचवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येते का, शिक्षक वेळेवर येतात का, स्वच्छतागृहाला पाणी आहे का. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. उत्तर प्रदेशात सेवेत असताना मीही ते शेकडो वेळा विचारले आहेत. मात्र एक प्रश्न मला कोणत्याही तपासणीच्या नमुन्यात छापलेला आढळला नाही. या वर्गात कोणाकोणाची मुले बसतात, आणि शाळेच्या भोवतालच्या वस्तीत राहणाऱ्यांपैकी कोणाची मुले इथे नाहीत?

प्रश्न नवा नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) तो स्वच्छ शब्दांत मांडला होता. शिक्षणाने समाजातील भेद कमी करायचे, तेच शिक्षण वर्गभेद वाढवू लागले आहे, असा इशारा देऊन आयोगाने समान शाळा पद्धतीची आणि शेजारशाळेची शिफारस केली. परिसरातील प्रत्येक मूल, जात, धर्म, उत्पन्न काहीही असो, परिसरातल्याच शाळेत शिकेल, ही ती कल्पना. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती स्वीकारली आणि १९८६ च्या धोरणाने पुन्हा उच्चारली. त्यानंतर मात्र ती शासकीय भाषेतून हळूहळू नाहीशी झाली. तिचा अंमल करणे अवघड ठरले असते हे खरे. पण अंमल करून पाहिला आणि जमला नाही, असे काही घडलेले नाही. तिच्या अंमलबजावणीची फाईलच कधी उघडली गेली नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यापेक्षा शंभर-सव्वाशे वर्षे जुने एक प्रकरण नेहमी आठवते. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारल्या गेलेल्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारपुढे आला. नेहमीची फी भरण्याची त्याची तयारी होती. सरकारने पुढच्याच महिन्यात ठराव केला. निव्वळ न्यायाच्या दृष्टीने पाहता बाजू मुलाची आहे, हे त्यात मान्य केले होते. परंतु एकट्या मुलासाठी हस्तक्षेप केला तर पिढ्यान्‌पिढ्यांचे पूर्वग्रह दुखावतील आणि शिक्षणाच्या कार्याचेच नुकसान होईल, असे सांगून त्याला बाहेरच ठेवण्यात आले. हिंदुस्थान सरकारने यावर कळवले की बंगालमधील कोणत्याही सरकारी शाळेत या मुलाला प्रवेश नाकारला गेला नसता. १८५८ मध्ये लंडनच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत हे तत्त्व उचलून धरले. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखनात या प्रकरणाची दखल घेतली आहे, त्यामुळे अनेक मराठी वाचकांना ते परिचित असेल.

मला त्यात रस आहे तो मुंबई सरकारच्या युक्तिवादामुळे. अधिकारी दुष्ट नव्हते; ते हिशेबी होते. एक मूल आत घेतले तर बाकीची मुले निघून जातील, शाळा ओस पडेल, मग ती शाळा कोणाच्या उपयोगाची? हा हिशेब आजही आपल्या शिक्षणव्यवस्थेत जागोजागी मांडला जातो, फक्त त्याची भाषा सभ्य झाली आहे. त्रावणकोरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अय्यनकाली यांनी पंचमी नावाच्या दलित मुलीला ऊरुट्टंबलमच्या शाळेत नेले, तेव्हा सवर्णांनी ती शाळाच पेटवून दिली. प्रवेशाचा हुकूम तेव्हाही सरकारदरबारी निघालेला होता. याउलट कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. या दोन पावलांमधला फरक महाराजांना पक्का कळला होता. सर्वांना शाळा देणे ही एक गोष्ट, सर्वांना एकाच शाळेत बसवणे ही दुसरी. स्वतंत्र भारताने पहिली गोष्ट जवळजवळ पूर्ण केली. दुसरी राहून गेली, आणि माझ्या मते पहिली करण्याच्या आपल्या पद्धतीमुळे ती अधिकच अवघड होऊन बसली आहे.

हे कसे झाले ते पाहण्यासाठी उत्तर भारतातले एखादे गाव डोळ्यांपुढे आणावे लागेल. उत्तर प्रदेश-बिहारमधील गाव म्हणजे एकजिनसी वस्ती नव्हे. ते अनेक टोल्यांचे मिळून बनलेले असते. मराठी वाचकाला वाडी म्हटले की जे चित्र दिसते, त्याच्याशी ते मिळतेजुळते आहे. फरक इतकाच की टोला बहुतेकदा जातीने ओळखला जातो. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा निकष आपण ठरवला आणि तो योग्यच होता. सहा वर्षांच्या मुलीला ओढा किंवा महामार्ग ओलांडून पाठवायला कोणती आई तयार होईल? १९९७ मध्ये मध्य प्रदेशाने शिक्षण हमी योजना आणली. जिथे एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि चाळीस मुले आहेत, आदिवासी भागात पंचवीस, तिथे लोकांनी मागणी केल्यापासून नव्वद दिवसांत शिक्षक देण्याची ती हमी होती. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानाने देशभर वस्त्यावस्त्यांवर शाळा पोहोचवल्या. ज्यांच्या कित्येक पिढ्यांनी फळा पाहिला नव्हता त्यांच्या अंगणात शाळा आली. या कामगिरीला कमी लेखणाऱ्यांशी माझे कधी पटलेले नाही.

पण टोला जातीचा, म्हणून टोल्याची शाळाही जातीची झाली. पूर्वांचलातल्या एका ग्रामपंचायतीत मी एकाच दिवशी तीन प्राथमिक शाळा पाहिल्या होत्या. पहिल्या शाळेच्या हजेरीपटावर जवळपास सगळी दलित मुले होती, दुसरीत बहुतेक एका मध्यम शेतकरी जातीची. तिसरी गावाच्या मध्यभागी, सर्वांत जुनी, पक्क्या कौलारू इमारतीची. तिथे थोडी सरमिसळ होती, पण एकंदर पटच वीस-बावीसचा होता. गावातल्या ठाकूर-ब्राह्मण घरांतली आणि दुकानदारांची मुले सकाळी सात वाजता पिवळ्या व्हॅनमध्ये बसून बाजारगावातल्या इंग्रजी नावाच्या खासगी शाळेत जात. तीनही शाळांचे अंतर निकषात बसत होते. कोणालाही प्रवेश नाकारला गेला नव्हता, कोणावर गुन्हा दाखल करावा असे काही घडले नव्हते. कागदोपत्री हे गाव निर्दोष होते, आणि त्या गावातले एकही मूल आपल्या गावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागातील मुलाशेजारी बसून शिकत नव्हते.

आता परिस्थिती उलट दिशेने सरकू लागली आहे. खासगी शाळांचा प्रसार आणि घटते जन्मप्रमाण यांमुळे लहान शाळा रिकाम्या होत आहेत. केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत आणि जवळपास आठ हजार शाळांत एकही विद्यार्थी नाही. राज्ये शाळांचे विलीनीकरण करीत आहेत. राजस्थान, मध्य प्रदेश या वाटेने आधीच गेले. उत्तर प्रदेशाने जून २०२५ मध्ये पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांशी जोडण्याचा आदेश काढला. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, गावोगाव पालकांनी विरोध केला, आणि अंतराच्या बाबतीत शासनाने काहीशी माघार घेतली.

या वादात दोन्ही बाजू खर्चाची आणि अंतराचीच भाषा बोलल्या. मला वाटते, मुद्दा याहून खोल आहे. एकशिक्षकी शाळेत पाच इयत्ता एकाच खोलीत शिकतात, हे शिक्षण नव्हे, हे शासनाचे म्हणणे खरे आहे. दोन टोल्यांची मुले एका शाळेत आली तर शिक्षक वाढतील आणि कोठारींच्या कल्पनेतली सरमिसळही होईल, असेही कोणी म्हणेल. तत्त्वतः मीही तेच म्हणेन. परंतु विलीन होणारी शाळा कोणाची आणि जिच्यात विलीन होते ती कोणाची, हे आदेशात कुठे लिहिलेले असते? दलित टोल्याची शाळा बंद झाली आणि मुलींना प्रबळ जातीच्या वस्तीतून रोज दीड किलोमीटर चालत जावे लागले, तर नकाशावर ते अंतर किरकोळ असते. त्या रस्त्यावर कोण उभे असते, काय बोलले जाते, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असते. त्यातल्या काही मुली चौथीनंतर शाळेत दिसत नाहीत. अशी सरमिसळ निव्वळ कागदावरची ठरते. शाळा जोडायच्याच असतील तर प्रबळ वस्तीतली मुले वंचित वस्तीतल्या शाळेत का जाऊ नयेत? असा आदेश निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तो काढायला कोणताही कायदा आड येत नाही, एवढे मी प्रशासकीय अनुभवावरून सांगू शकतो.

शहरांतला प्रश्न वेगळ्या मार्गाने हाताळण्याचा प्रयत्न २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने केला. कलम १२(१)(क) नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या, आणि त्याची प्रतिपूर्ती सरकारने करायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. तेव्हा खासगी शाळांच्या संचालकांनी जे आक्षेप घेतले ते वाचताना मला राहून राहून धारवाड आठवत होते. दर्जा घसरेल, पालक मुले काढून नेतील, गरीब मुलालाच न्यूनगंड येईल.

यातल्या काही आक्षेपांचे उत्तर आता अंदाजाने देण्याची गरज नाही. दिल्लीत सवलतीच्या दराने सरकारी जमीन मिळालेल्या खासगी शाळांवर गरीब मुलांना प्रवेश देण्याचे बंधन कायद्याच्या आधीच, २००७ पासून, प्रत्यक्ष लागू झाले होते. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी या शाळांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेल्या तुकड्यांतील श्रीमंत मुलांची तुलना त्यांनी आधीच्या तुकड्यांशी केली. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरांप्रमाणे पडत, म्हणजे कोणाच्या गटात कोण येईल हे योगायोगावर ठरे. त्याचाही त्यांनी उपयोग करून घेतला. निष्कर्ष असा की गरीब मुलांसोबत शिकलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली, परोपकाराच्या कामात अधिक सहभागी झाली आणि गरीब मुलांशी खेळायला, मैत्री करायला अधिक राजी झाली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा झाल्यास ती गरीब पण वेगवान धावणाऱ्या मुलाला केवळ गरीब म्हणून डावलत नव्हती. हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. इंग्रजीत थोडी घट दिसली. तीही नोंदवली पाहिजे, कारण आपल्या बाजूचे तेवढेच पुरावे दाखवण्याची सवय धोरणचर्चेला फार लागली आहे. शिस्तीच्या तक्रारीही किंचित वाढल्या. माझ्या मते ही किंमत नगण्य आहे. मात्र ती किंमत आहे, हे मान्य करून मगच पालकांशी बोलावे.

राज्य सरकारांनी या तरतुदीचे काय केले, ते महाराष्ट्रातील वाचकांनी जवळून पाहिले आहे. कर्नाटकाने २०१८ च्या अखेरीस नियम बदलून जिथे जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिथे खासगी शाळेवरचे बंधन काढून टाकले, आणि या तरतुदीखालील प्रवेश एकदम कोसळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानेही एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला सूट देणारी अधिसूचना काढली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात तो निकाल कायम ठेवला. सरकारांचे म्हणणे असे, की शेजारी आमची शाळा असताना खासगी शाळेला पैसे का मोजायचे? तिजोरीच्या दृष्टीने हा प्रश्न रास्त आहे. पण कायद्याचा हेतू गरीब मुलासाठी जागा विकत घेण्याचा नव्हताच. दोन वेगळ्या घरांतली मुले एका बाकावर यावीत, हा होता. ज्याने हा हेतू वाचलाच नाही त्याला एक किलोमीटरची सूट तर्कशुद्ध वाटणारच.

अल्पसंख्याक शाळांचा पेच निराळा आहे. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालात नोंद आहे की या शाळांतील साठ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी अल्पसंख्याक समाजाचे नाहीत आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुलांचे प्रमाण नऊ टक्क्यांच्या आत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमती निकालाविषयीच शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. आपल्या भाषेची, धर्माची शाळा चालवण्याचा अल्पसंख्याकांचा अधिकार मला मौल्यवान वाटतो. शहरातील उच्चभ्रू शाळेने तो गरीब मुलाला, त्यात स्वतःच्या समाजातील गरीब मूलही आले, दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरावा, हे मात्र घटनाकारांच्या मनात असेल असे वाटत नाही.

तरीही मी पंचवीस टक्क्यांच्या तरतुदीचा समर्थक असूनही तिला उत्तर मानत नाही. ती एकेरी वाहतूक आहे. गरीब घरातले, त्यातही ज्याच्या पालकांना ऑनलाइन अर्ज भरता येतो असे मूल खासगी शाळेत जाते. संपन्न घरातले मूल सरकारी शाळेकडे येण्याची कोणतीही तरतूद त्यात नाही. जागरूक पालक जितके बाहेर पडतात तितकी सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत विचारणा करणारी तोंडे कमी होतात. देशातील सुमारे निम्मी मुले आजही सरकारी शाळांत आहेत. वैविध्याचा प्रश्न सुटायचा तर तिथे सुटायला हवा.

तिथे आपण काय केले? सरकारी शाळांचेच स्तर पाडले. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये, आदर्श शाळा, प्रतिभा किंवा विशेष नैपुण्याच्या शाळा, आता पीएम श्री. आणि सर्वांत खाली, कोणतेही विशेषण न लाभलेली गावची प्राथमिक शाळा. प्रत्येक नवी योजना वरच्या थरातली काही मुले उचलून नेते आणि तळाची शाळा आणखी एकसुरी करते. गंमत अशी की या वरच्या शाळांतच सरमिसळीचे उत्तम नमुने सापडतात. माझी दोन्ही मुले केंद्रीय विद्यालयांत शिकली. त्यात त्याग काही नव्हता. बदलीच्या नोकरीत तोच सोयीचा मार्ग होता. त्यांच्या वर्गात आयुक्तांची मुलगी, आयकर कार्यालयातील शिपायाचा मुलगा आणि छावणीतल्या जवानाची मुले एका रांगेत बसत, आणि घरी येणाऱ्या मित्रांची आडनावे पाच प्रांतांची असत. नवोदय विद्यालयांत तर नववीतील तीस टक्क्यांपर्यंत मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील विद्यालयात पाठवण्याची पद्धत आहे. हिंदी भागातले मूल एक वर्ष बिगरहिंदी भागात राहते, तिकडचे इकडे येते. राष्ट्रीय एकात्मतेवर इतका कमी खर्च करून इतके काम करणारी दुसरी योजना मला माहीत नाही. पण केंद्रीय विद्यालयाच्या फाटकाबाहेर भाजी विकणाऱ्या बाईच्या मुलासाठी शिक्षण हक्काच्या जागा सोडल्या तर हे दार जवळजवळ बंदच असते. सरकारी नोकरांनी आपल्यापुरती शेजारशाळा निर्माण केली आणि शेजाऱ्यांना तिच्याबाहेर ठेवले.

वैविध्य हे केवळ जात आणि उत्पन्नाचे नसते, हे आपल्याला स्थलांतराने शिकवले. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात, पेरुंबावूरच्या प्लायवूड कारखान्यांच्या पट्ट्यात, ओडिशा, बंगाल, आसाम, बिहारमधून आलेल्या मजुरांची मुले सरकारी शाळांत दाखल होऊ लागली. त्यांना मल्याळम येत नव्हते, शिक्षकांना ओडिया-बंगाली. २०१७ मध्ये बिनानीपुरमच्या सरकारी शाळेत 'रोशनी' नावाचा उपक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. मुलांची भाषा जाणणारे स्वयंसेवक शाळा भरण्यापूर्वी दीड तास त्यांचा वर्ग घेतात, त्यांच्या भाषेतून मल्याळमकडे नेतात, आणि त्या वेळेत न्याहारी देतात. न्याहारीचे महत्त्व ज्याने पहाटे कामावर जाणाऱ्या मजुराचे घर पाहिले आहे त्याला कळेल. उपक्रम नंतर जिल्ह्यातील अनेक शाळांत पसरला. त्याच सुमारास केरळने सरकारी शाळांत वर्गखोल्यांपासून संगणकांपर्यंत मोठी गुंतवणूक केली आणि काही वर्षे त्यांचा पट वाढला. म्हणजे मध्यमवर्ग कायमचा गेलेला असतोच असे नाही. शाळा बरी असेल तर तो परततो. पण या पट्ट्यातील काही प्राथमिक शाळांत आता स्थलांतरितांचीच मुले अधिक आहेत. स्थानिक मुले तिथून पांगतील का, हा धारवाडचा हिशेब तिथेही मांडला जाणार आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी सांगितली आहे. किती नगरपालिकांच्या शिक्षण समित्यांनी हे कलम वाचले असेल? मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते. मातृभाषेतून शिक्षण देणारी ही व्यवस्था देशाला भूषणावह आहे. त्याच वेळी एका इमारतीत, एका जिन्यावर, वेगवेगळ्या भाषांच्या मुलांची आयुष्ये समांतर चालतात, हेही खरे. खेळाचा तास, चित्रकला, प्रयोगशाळा एकत्र घ्यायला माध्यम आड येत नाही, वेळापत्रक येते.

एकत्र बसवणे पुरेसे नाही, हे शालेय भोजनाने सर्वांत कठोरपणे दाखवून दिले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि २००४ मध्ये स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले. तिला काढून टाकल्यावर दलित मुलांनी सवर्ण स्वयंपाकिणीच्या हातचे नाकारले. या दुसऱ्या नकारावर देशभर टीका झाली. मला मात्र तो त्या मुलांनी प्रशासनाला दिलेला धडा वाटला. प्रशासनाचे पहिले पाऊल काय होते? धारवाडचेच: जिच्यावर अन्याय झाला तिलाच बाजूला करून शाळा शांत ठेवणे. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी नंतर तिथे एकत्र जेवण केले, समेट घडवला. हे काम पहिल्या दिवशी व्हायला हवे असते. मी स्वतः तपासणीला गेलो की मुलांच्या ताटांकडे पाहत असे. ताटे घरून आणली असतील आणि शाळेची ताटे कपाटात नवी कोरी पडली असतील, तर त्या गावात बरेच काही विचारण्यासारखे असते.

ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. सरकारी तिजोरीतून वेतन घेणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी, न्यायव्यवस्थेतील व्यक्ती या सर्वांची मुले परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकावीत यासाठी मुख्य सचिवांनी व्यवस्था करावी, आणि जे खासगी शाळेत पाठवतील त्यांच्याकडून तेवढीच रक्कम वसूल करावी, असा त्याचा आशय होता. आमच्या वर्तुळात त्यावर विनोद झाले. अंमल अर्थातच झाला नाही. मुलाची शाळा पालकाच्या नोकरीवरून सक्तीने ठरवणे मलाही पटत नाही, आणि पुढे ते टिकलेही नसते. पण त्या निकालाने रोग अचूक हेरला होता. ज्याच्या घरातले कोणी त्या बाकावर बसत नाही त्याला बाक मोडल्याचे अहवालातूनच कळते.

सक्तीशिवाय करण्यासारखे बरेच आहे. अंगणवाडी व पहिली-दुसरी खरोखर उत्तम असलेल्या, पुरेसे शिक्षक असलेल्या संयुक्त शाळा दोन टोल्यांच्या मध्ये बांधाव्यात, आणि मुलांना ने-आण करणारे वाहन आधी सुरू करून मगच जुनी शाळा बंद करावी. विलीनीकरणाच्या प्रत्येक आदेशासोबत कोणत्या वस्तीतील किती मुलगे-मुली कुठल्या रस्त्याने जाणार, याची यादी जोडणे बंधनकारक असावे, आणि वर्षानंतर त्यातील किती टिकल्या हे त्याच अधिकाऱ्याने लिहून द्यावे. पंचवीस टक्क्यांच्या प्रवेशांची प्रतिपूर्ती वेळेवर व्हावी. थकबाकी ठेवायची आणि मग शाळा मुलांना सामावून घेत नाहीत म्हणून बोट दाखवायचे, हे बरे नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात बैठक व्यवस्था, गटकाम आणि जेवणाची पंगत यांवर एक दिवस तरी खर्च व्हावा.

आणि मोजमाप व्हावे. प्रत्येक शाळेतील मुलांची सामाजिक वर्गवारी मुख्याध्यापक दरवर्षी केंद्राच्या नमुन्यात भरतातच. ती शाळेच्या परिसराच्या लोकसंख्येशी कोणी ताडून पाहत नाही, कारण वस्तीनिहाय जातींची माहितीच उपलब्ध नाही. २०२७ च्या जनगणनेत जातींची गणना होणार आहे. व्यक्तीची माहिती गुप्त ठेवण्याचे कायद्याचे बंधन पाळूनही, प्रगणन गटांची बेरीज शाळेच्या परिसराशी जोडता येईल. मात्र त्यासाठी कोणता गट कोणत्या शाळेच्या परिसरात मोडतो, याची नोंद गटांच्या सीमा आखतानाच केलेली बरी. जनगणना कार्यालय आणि शिक्षण मंत्रालय दिल्लीत एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. हे काम त्यांच्यातील एका पत्राने सुरू होऊ शकते, आणि गणना आटोपल्यावर ते करायचे म्हटले तर पुढची दहा वर्षे थांबावे लागेल.